परक्याला आपलेसे करताना

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त बंगळूर येथे झालेल्या माजी विद्यार्थ्यांच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



"आरोग्यावर काहीतरी बोला," असे संयोजकांनी मला कळवले, तेव्हा मी थोडा संकोचलो. मी डॉक्टर नाही. या शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी तेहेतीस वर्षे नोकरी केली. एका माणसाचा अवयव दुसऱ्याच्या देहात बसवण्यापूर्वी, त्या दोन देहांचे जुळेल की बिनसेल हे रक्ताच्या काही थेंबांवरून पाहणे, एवढेच माझे काम होते. लग्नाआधी पत्रिका पाहतात तसे, असे आम्ही आपसात गमतीने म्हणत असू. फरक इतकाच, की आमची पत्रिका चुकली तर काही तासांतच कळत असे.

या कामाचे बीज मात्र आपल्या शाळेत पडले. आठवीत असताना विज्ञानाच्या सरांनी कुंपणालगतच्या रायवळ आंब्याच्या रोपावर हापूसची काडी बांधून दाखवली होती. रोपाचा शेंडा छाटला, मधोमध चीर दिली, काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळून टाकली. महिन्याभराने तिला तांबूस पालवी फुटली. मी विचारले, "सर, माणसाचे असे कलम का नाही करत?" सर म्हणाले, "माणूस झाडाइतका सोशिक नाही." उत्तर विनोदाने दिलेले होते, पण शास्त्राच्या दृष्टीनेही ते फारसे चुकीचे नव्हते. झाडाच्या अंगात परक्याला शोधत फिरणाऱ्या, त्याची ओळख वर्षानुवर्षे लक्षात ठेवणाऱ्या पेशी नसतात. आपल्या रक्तात त्या अहोरात्र गस्त घालत असतात.

माणसाच्या कलमाची एक जुनी गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे आणि ती सुरू होते या शहरापासून फार दूर नसलेल्या श्रीरंगपट्टणच्या परिसरात. १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. वर्षभर तो तसाच वावरला. मग पुण्याजवळच्या, विटा घडवणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. ते पाहणाऱ्या इंग्रज डॉक्टरांनी हकिकत लिहून ठेवली, १७९४ साली ती लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली, आणि युरोपातल्या शल्यविशारदांनी नाक घडवण्याची कला त्यावरून नव्याने उचलली. आपल्याला याचा अभिमान वाटतो, तो योग्यच आहे. पण मला या हकिकतीत नाकापेक्षा हाताचे अधिक वाटते. नाक झाले, कारण कातडी त्याची स्वतःचीच होती. हात मात्र दुसऱ्याचाच आणावा लागला असता. म्हणून कावसजी उरलेले आयुष्य एका हाताने जगला.

दुसऱ्याची कातडी का टिकत नाही, याचा उलगडा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात होऊ लागला. ग्लासगोच्या इस्पितळात भाजलेल्या एका तरुणीच्या अंगावर तिच्या भावाच्या कातडीचे लहान लहान तुकडे लावण्यात आले होते. ते काही दिवस टिकले आणि गळून गेले. त्याच भावाची कातडी दुसऱ्यांदा लावली, तेव्हा ती पहिल्यापेक्षा लवकर गळाली. पीटर मेडावार या तरुण प्राणिशास्त्रज्ञाने यावरून निष्कर्ष काढला, की हा टाक्यांचा दोष नाही. देहाला पहिली ओळख आठवते आहे. गोवर एकदा झाल्यावर देह तो ओळखून ठेवतो, त्याच यंत्रणेचे हे काम होते. मेडावारना १९६० साली नोबेल मिळाले.

पालकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नव्या अवयवाला नाकारणारी ही यंत्रणा रोगट नसते. ती अत्यंत निरोगी आणि इमानी असते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एचएलए नावाची प्रथिने असतात. ती जणू पेशीच्या दारावरची नावाची पाटी. निम्म्या पाट्या आईकडून येतात, निम्म्या वडिलांकडून. त्यामुळे सख्ख्या भावंडांत चौघांत एकाच्या पाट्या पूर्ण जुळतात, दोघांच्या अर्ध्या जुळतात आणि एकाची एकही जुळत नाही. एकाच ताटात जेवलेली, दिसायला सारखी भावंडे प्रयोगशाळेत पूर्ण परकी निघालेली मी पाहिली आहेत. टी-पेशी परकी पाटी पाहते, हाकाटी करते, तिच्यासारख्या हजारो तयार होतात, आणि मूत्रपिंड कितीही प्रेमाने दिलेले असले तरी त्यावर चाल करून जातात. देणारी व्यक्ती आई होती, हे त्या पेशीला कळत नाही.

म्हणून १९५४ साली बॉस्टनला जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, ते एकसारख्या जुळ्या भावांत. पाट्याच सारख्या, तेव्हा भांडण नाही. पण जुळे भावंड कितीजणांना असणार? १९६२ पासून अॅझाथायोप्रिन हे औषध हाताशी आले आणि स्टिरॉइडच्या जोडीने इतरांसाठीही वाट थोडी उघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १९६५ साली मूत्रपिंड बसवले. रुग्ण काही दिवसांतच गेला. फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनीच हृदय बसवले, दक्षिण आफ्रिकेतील जगातल्या पहिल्या हृदयरोपणानंतर तीन महिन्यांच्या आत. तो रुग्ण काही तासच जगला. अस्वीकाराचा प्रश्न उभा राहण्याइतका वेळही मिळाला नाही. परळमधल्या एका महापालिका रुग्णालयाने जगाच्या बरोबरीने हे धाडस करावे, याचे मला आजही नवल वाटते. त्या वर्षी जगभरात शंभराहून अधिक हृदये बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण लवकरच दगावले. काहींचे हृदय देहाने नाकारले. काहींचा देह औषधांनी इतका दुबळा झाला, की साध्या न्यूमोनियाने त्यांना नेले. हातांना कला अवगत झाली होती, पण देहाची समजूत कशी घालावी हे ठाऊक नव्हते. शल्यविशारदांनी सुऱ्या खाली ठेवल्या.

समजूत घालणारी औषधे मातीतून आली, हा या विषयातला मला सर्वांत प्रिय भाग आहे. स्वित्झर्लंडच्या सँडोझ कंपनीचे कर्मचारी सुटीवर जात, तेव्हा येताना तिथली चिमूटभर माती पिशवीत घालून आणण्याची पद्धत होती. तीत नवे प्रतिजैविक सापडेल ही आशा. नॉर्वेतल्या एका ओसाड पठारावरून अशी आणलेली माती तपासताना एक बुरशी मिळाली. जंतुनाशक म्हणून ती सामान्यच ठरली. पण तिच्यातला पदार्थ इतर पेशींना फारसे न दुखावता टी-पेशींची हाकाटी तेवढी बंद करतो, हे १९७२ साली झाँ-फ्रांस्वा बोरेल यांच्या प्रयोगशाळेत दिसले. हे सायक्लोस्पोरिन. ऐंशीच्या दशकात ते सर्वत्र वापरात आले आणि थंडावलेली हृदय-यकृतांची प्रत्यारोपणे पुन्हा सुरू झाली. पुढे जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जिवाणूने टॅक्रोलिमस दिले. आज बहुतेक रुग्ण हेच घेतात. मायकोफेनोलेटचे मूळ तर १८९३ साली इटलीत, खराब झालेल्या मक्याच्या बुरशीत सापडले होते. अवयवांसाठी ते वापरात येण्यास शंभर वर्षे लागली.

आणि एक मूठ माती पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटाची, जिला तिथले लोक रापा नुई म्हणतात. कॅनडाच्या मोहिमेने १९६४-६५ मध्ये आणलेल्या त्या मातीतून बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेल्या सुरेन सेहगल यांनी माँट्रियलमध्ये रॅपामायसिन वेगळे केले. कंपनीने तिथली प्रयोगशाळाच बंद केली आणि काम थांबले, तेव्हा सेहगल यांनी जिवाणूच्या कुप्या घरच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवल्या. काही वर्षांनी नव्या वरिष्ठांची समजूत पटवून त्या पुन्हा बाहेर काढल्या. अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली १९९९ साली. घरातल्या बाईमाणसांनी फ्रीज साफ करायला काढला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

या बुरशा आणि जिवाणू आज आपल्याच शहरात पोसले जातात. १९७८ साली किरण मजुमदार-शॉ यांनी बंगळूरमध्ये सुरू केलेली बायोकॉन सुरुवातीला पपईतले एन्झाइम काढत असे. पुढे आंबवण्याच्या तंत्राने टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, सिरोलिमस ही औषधे तिथे तयार होऊ लागली. आपण रात्री डोशाचे पीठ आंबायला ठेवतो. तिथे पोलादी टाक्यांत तापमान, हवा आणि खाद्य मोजून हेच काम चालते. भारतीय कंपन्यांनी ही औषधे बनवली नसती, तर आपल्यातल्या किती घरांना ती आयुष्यभर परवडली असती, हे सांगायला नको. आजही ती स्वस्त नाहीत.

आता माझ्या प्रयोगशाळेकडे येतो. १९६९ साली पटेल आणि तेरासाकी या दोघांनी एक साधी चाचणी मूत्रपिंडांच्या बाबतीत पडताळून पाहिली. दात्याच्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, त्यांवर रुग्णाच्या रक्तातला पाणीदार भाग घालायचा, सशाच्या रक्तातली पूरक प्रथिने मिसळायची आणि शेवटी रंग. रुग्णाच्या अंगात दात्याविरुद्ध प्रतिपिंडे आधीच तयार असतील, तर पेशी मरतात. मेलेली पेशी रंग शोषते, जिवंत पेशी चमकत राहते. अशा तऱ्हेने पेशी मेल्या असूनही ज्या ३० जणांत मूत्रपिंड बसवले गेले होते, त्यांपैकी २४ ठिकाणी ते लगेच निकामी झाले. पेशी जिवंत राहिलेल्या १९५ जणांत फक्त ८. त्या दिवसापासून या क्रॉसमॅचशिवाय कोणी मूत्रपिंडाला हात लावत नाही. आज अधिक सूक्ष्म चाचण्या आहेत, पण मूळ हेच.

२०१० च्या अखेरीस माझ्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे निदान झाले. आमचा रक्तगट एकच. मी निरोगी. मी घरी सर्वांना सांगून टाकले, की काळजीचे कारण नाही, मी देणार. घरच्या माणसाची चाचणी आपण करू नये असा आमचा दंडक होता, म्हणून नळ्या सहकाऱ्याकडे दिल्या. संध्याकाळी त्याने काही न बोलता मला सूक्ष्मदर्शकाशी बसवले. माझ्या जवळजवळ सगळ्या पेशी रंगून काळवंडल्या होत्या.

कारण मला पाठ होते. इतरांना मी ते शेकडो वेळा समजावून सांगितले होते. गर्भातल्या बाळाच्या निम्म्या पाट्या वडिलांच्या असतात. आईचा देह त्या परक्या जिवाला नऊ महिने सांभाळतो. हे कसे घडते, याचे कोडे मेडावारनाही पडले होते. पण प्रसूतीच्या वेळी बाळाचे रक्त आईच्या रक्तात थोडेफार मिसळते आणि आईची यंत्रणा बापाच्या पाट्या टिपून ठेवते. आम्हाला दोन मुले. तिने माझी मुले वाढवली, म्हणूनच माझे मूत्रपिंड तिला चालणार नव्हते. त्या संध्याकाळी घरी जाऊन हे तिला कसे सांगावे, मला सुचेना. तिनेच मला चहा करून दिला.

आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बहुसंख्य स्त्रिया असतात आणि घेणाऱ्यांमध्ये बहुसंख्य पुरुष. पत्नीने पतीला दिले तर देहाची अडचण कमी येते, पतीने पत्नीला द्यायचे तर अधिक येते, हे खरे आहे. पण त्यामागे लपू नये. माझ्या टेबलावर येणाऱ्या नळ्यांवर कित्येकदा भावाचे, वडिलांचे नाव यायलाच हवे होते आणि आले नाही. तिथे गर्भारपणाचा काही संबंध नव्हता. शिवाय आता मार्गही आहेत. प्रतिपिंडे गाळून काढता येतात, जरी तो उपचार महाग आणि जोखमीचा असला तरी. आणि २०११ च्या दुरुस्तीने कायद्याने अदलाबदलीला मान्यता दिली आहे: माझे तुमच्या पत्नीला, तुमचे माझ्या पत्नीला.

आमच्या बाबतीत तशी वेळ आली नाही. पत्नीची थोरली बहीण, आपल्या शाळेच्या पहिल्या काही तुकड्यांतली विद्यार्थिनी, गावाहून आली. दोघींच्या अर्ध्या पाट्या जुळल्या, क्रॉसमॅच स्वच्छ निघाला, आणि २०११ च्या उन्हाळ्यात ताईंचे डावे मूत्रपिंड माझ्या पत्नीच्या ओटीपोटात उजवीकडे बसले. त्या दोघी आज पहिल्या रांगेत आहेत. टाळ्या नकोत, असे ताईंनी मला बजावून ठेवले आहे.

शस्त्रक्रियेला चार तास लागले. त्यानंतर आजवर रोज सकाळी आठ आणि रात्री आठ. टॅक्रोलिमस हाकाटी थांबवते, मायकोफेनोलेट पेशींची वाढ रोखते, स्टिरॉइडची लहान गोळी एकूण धग कमी ठेवते. तिन्ही थोड्या थोड्या प्रमाणात दिल्या म्हणजे कोणा एकीचा विषारीपणा फार होत नाही. टॅक्रोलिमस रक्तात कमी झाले तर देह अवयव नाकारतो. जास्त झाले तर तेच औषध मूत्रपिंडाला इजा करते. म्हणून सकाळची गोळी घेण्याआधी रक्त तपासून पातळी पाहावी लागते. पोट भरलेले असले की ते कमी शोषले जाते; आजचे चहापान नऊनंतर ठेवावे, ही संयोजकांना केलेली विनंती त्याचसाठी होती. हात थोडा थरथरतो. ठिपक्यांच्या रांगोळीचा तिला पूर्वी केवढा अभिमान. आता ती रांगोळी सुनेला सांगून काढून घेते.

२०२० च्या मार्चमध्ये ती गावी सासरी अडकली आणि मी इथे. औषधे सहा आठवड्यांची होती. टाळेबंदी लांबत गेली. फोनवर रोज विचारले की "आहेत, पुरतील" असे उत्तर. आपल्याकडच्या बायका साखर पुरवतात, तेल पुरवतात. तिने गोळ्या पुरवल्या. दोनऐवजी एक, आणि मग एक दिवसाआड. कोणाला त्रास नको. त्यातच शेजारपाजारच्यांनी मायेने गुळवेलीचा काढा सुरू करून दिला, प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून. त्या दिवसांत घरोघरी तेच चालले होते. जिची प्रतिकारशक्ती आम्ही नऊ वर्षे गोळ्या घालून झोपवत होतो, तिला! त्या काढ्याने नक्की काय केले, ते मी सांगू शकत नाही. गोळ्या कमी झाल्या होत्या, तेवढे कारण पुरेसे होते. जूनमध्ये ती परत आली तेव्हा क्रिएटिनिन १.२ वरून २.३ वर गेले होते. सुईने तुकडा काढून पाहिला. टी-पेशी आत शिरल्या होत्या. तीन दिवस शिरेतून स्टिरॉइडचे मोठे डोस दिले. मूत्रपिंड वाचले, पण क्रिएटिनिन १.७ वर येऊन थांबले, ते तिथेच आहे. गेलेला भाग परत येत नाही.

मी तिच्यावर रागावलो नाही असे म्हणणे खोटे होईल. नंतर लक्षात आले, की तेहेतीस वर्षे मी परक्या घरांना जे समजावले, ते माझ्या घरी नीट सांगितलेच नव्हते. गोळी चुकली तर लगेच काही दुखत नाही, ताप येतोच असे नाही, लघवी होत राहते. शांतपणे, आठवड्या-आठवड्याने अवयव झिजतो. बरे वाटते आहे म्हणून थांबवणे, हे प्रत्यारोपणातले सर्वांत साधे आणि सर्वांत घातक कारण आहे.

कावसजीच्या हाताकडे आता परत येता येईल. जगातले आधुनिक काळातले पहिले हाताचे प्रत्यारोपण सप्टेंबर १९९८ मध्ये फ्रान्सच्या लिआँ शहरात झाले. कातडी हा देहाने सर्वांत जोराने नाकारलेला भाग, तरीही नव्या औषधांमुळे हात जगला. पण त्या रुग्णाला तो कधी आपला वाटला नाही. त्याने औषधे बंद केली आणि फेब्रुवारी २००१ मध्ये त्याच्याच आग्रहावरून हात काढून टाकावा लागला. आपल्याकडे २०१५ मध्ये कोचीत दोन्ही हात बसवले गेले. २०१७ मध्ये तिथेच पुण्याच्या एका विद्यार्थिनीला हात मिळाले. २०२० च्या ऑगस्टमध्ये, माझ्या घरात जे चालले होते त्याच दिवसांत, मुंबईत लोकलच्या अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीला चेन्नईहून आणलेले हात बसवण्यात आले. कावसजीच्या काळी पुण्याच्या कारागिराकडे कौशल्य होते, गोळ्या नव्हत्या.

गोळ्यांविना अवयव टिकावा, हे स्वप्न जुने आहे. गायीच्या पोटात एकाच वेळी वाढलेली जुळी वासरे एकमेकांच्या रक्तपेशी आयुष्यभर बाळगतात, हे रे ओवेन यांनी १९४५ साली दाखवले. त्यावरून मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जन्मापूर्वीच परक्या पेशींची ओळख करून दिलेले उंदीर वाढवले. मोठेपणी त्यांनी त्या परक्याची कातडी नाकारली नाही. अहमदाबादचे डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी दात्याच्या अस्थिमज्जेतल्या पेशी आधी देऊन रुग्णाची औषधे कमी करण्याचे प्रयत्न अनेक वर्षे केले. जगात काही थोड्या रुग्णांत औषधे पूर्ण बंदही झाली आहेत. पण ते उपचार अजून रोजच्या व्यवहारात उतरलेले नाहीत, आणि कोणी तुम्हाला "आमच्याकडे गोळ्या बंद होतात" असे सांगितले, तर तिथून उठून यावे.

घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर दोन गोष्टी जाताना सांगतो. टाळता येण्याजोगे रक्त चढवून घेऊ नका. प्रत्येक बाटलीबरोबर परक्या पाट्यांची ओळख वाढते आणि पुढे जुळणारा दाता मिळणे कठीण होते. आणि प्रत्यारोपण झालेल्या कोणाला क्षयरोग झाला, तर दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावा. क्षयाचे रिफाम्पिसिन टॅक्रोलिमस रक्तातून झपाट्याने घटवते, हे लक्षात न आल्याने गेलेली मूत्रपिंडे मला ठाऊक आहेत. पपनस आणि ग्रेपफ्रूट याच्या उलट करतात, पातळी चढवतात, तीही नकोत.

ज्यांनी अहवाल सोबत आणले आहेत, असे मला तिघांनी फोनवर कळवले होते. मी मागच्या दाराशी बसतो. ताईही तिथे असतील. देणाऱ्याला काय वाटते, हे माझ्यापेक्षा त्यांनाच विचारावे.